पान्यावर १९१७ कोरलंय म्हणून पेटी १९१७ ची होत नाही: एका टूल बॉक्सचं वय काढलं त्याची गोष्ट

विकणाऱ्याचा दावा एका ओळीचा होता. फोर्ड मॉडेल टी गाडी, तिच्या रनिंग बोर्डवरची म्हणजे दाराखालच्या पायरीवरची ओरिजिनल टूल बॉक्स, साल १९१७, आतली सगळी हत्यारं गाडीबरोबर आलेली. माझ्या ओळखीतला एक पोरगा आहे, जुनी हत्यारं जमवायच्या नादात नवीनच शिरलाय, त्याने फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, "दादा, पान्यावर साल कोरलेलं आहे, अजून काय पुरावा पाहिजे? उचलू का?"

मी म्हटलं उचल, पण नाही पटली तर परत देणार अशी बोली करून उचल, आणि हातात आली की काहीही पुसू नकोस, रॉकेलचा बोळा लांब ठेव. हे दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा महत्त्वाचं, कारण नवीन माणूस पेटी घरी आली की पहिलं काम करतो ते घासायचं, आणि अर्धा पुरावा तिथेच नाल्यात जातो.

आधी तो पाना, कारण सगळा दावा त्याच्यावरच उभा होता. दोन तोंडांचा, काळपट, मधल्या दांड्यावर फोर्डचं ते वळणदार अक्षरातलं नाव, यूएसए, आणि टी-१९१७. पाना अस्सल आहे, त्यात वाद नाही. मोठं तोंड स्पार्क प्लगला, लहान तोंड सिलिंडर हेडच्या बोल्टला, मॉडेल टी वाल्यांच्या हातात कायम असणारा पाना. पण १९१७ हा पार्ट नंबर आहे हो! फोर्डवाले हत्यारावर पार्ट नंबर ठोकायचे, आणि पुढचं टी म्हणजे मॉडेल टी. पुढे मॉडेल ए आली तेव्हा तेच काम करणाऱ्या पान्यावर ए-१७०१७ आलं, आता ते बघून कोणी म्हणत नाही की हा पाना सतरा हजार सतरा सालचा आहे, पण १९१७ दिसलं की भलेभले फसतात कारण आकडा नेमका त्या काळातला वाटतो. फोर्डच्या पार्ट्सवर अजून एक असाच सापळा आहे, नंबराच्या आधी १८ आणि मग डॅश. ते १९१८ नाही, ती १९३२ ची आठ सिलिंडरच्या इंजिनाची पहिली फोर्ड व्ही-८, मॉडेल १८. आणि गंमत म्हणजे १९४० च्या आसपास त्यांनी खरोखरच सालाचा आकडा पुढे घालायला सुरुवात केली, ०१ए म्हणजे १९४०, ११ए म्हणजे १९४१, २१ए म्हणजे १९४२. म्हणजे एकाच कंपनीत कधी आकडा साल असतो कधी नसतो, त्यामुळे पद्धत माहीत नसताना नुसता आकडा वाचून साल सांगणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

मग ह्या पान्याचं वय किती? मॉडेल टी १९०८ ते १९२७ बनली, गाड्या त्यानंतरही वर्षानुवर्षं पळत होत्या म्हणजे हत्यारांना गिऱ्हाईक होतंच, तेव्हा "टी च्या जमान्यातला" एवढंच लिहायचं. त्याच्यापुढे साल लिहायचा मोह होतो, पण तो आवरायचा.

आता मूळ मुद्दा, आणि पोराला हाच समजावायला जास्त वेळ गेला. पेटी कधी बनली, आतलं एकेक हत्यार कधी बनलं, आणि हा सगळा संसार एकत्र कधी आला, ह्या तीन वेगळ्या तारखा आहेत. विकणारा सगळ्यात जुनी तारीख उचलतो आणि तिन्हींना चिकटवतो, आपण उलट्या बाजूने जायचं, म्हणजे जी गोष्ट पेटीपासून सुटी होऊ शकत नाही त्यातली सगळ्यात नवीन गोष्ट शोधायची. आतला पाना काय, काल संध्याकाळीही आत टाकता येतो. पत्रा, जोड, बिजागरी, मूळ रंग, मूळ लेबल, हे असं टाकता येत नाही. म्हणून पेटी रिकामी केली, पण कुठलं हत्यार कुठे पडलं होतं त्याचे वरून फोटो काढून मगच.

पेटी लांबट, काळा रंग, झाकणाला पोचे. कोपऱ्यांवर पत्रा एकमेकांवर घेऊन स्पॉट वेल्डिंग केलेलं, ओळीने गोल टिकल्या बोटाला लागतात. काही लोक टिकल्या दिसल्या की लगेच "ही जुनी नाही" म्हणून मोकळे होतात, ते मला पटत नाही, स्पॉट वेल्डिंग मॉडेल टी च्या काळातही होतंच, त्यामुळे टिकल्यांवरून हो पण नाही आणि नाही पण नाही. रंगाचंही तसंच. जुना भट्टीतला जपान ब्लॅक आणि नंतरचा काळा इनॅमल, नव्वद टक्के लोकांना नुसत्या डोळ्याने फरक सांगता येत नाही, मी पण तेवढ्यावर पैज लावणार नाही.

कडी-कोयंडा मात्र बोलका निघाला. कोयंडा दोन स्क्रूंनी बसवलेला, आणि स्क्रूच्या डोक्यावर फुलीची खाच, म्हणजे फिलिप्स. फिलिप्स स्क्रू गाड्यांच्या धंद्यात आला तो १९३६ साली, कॅडिलॅकने आधी घेतला, मग बाकीचे मागोमाग. पोरगं खूश झालं, म्हणालं "संपलं मग, १९३६ च्या नंतरची." मी म्हटलं घाई करू नको, स्क्रू बदलता येतो, आणि कडी-कोयंडा हा पेटीचा सगळ्यात आधी तुटणारा भाग. तेव्हा स्क्रू हळूच सैल करून कोयंडा उचलला. खाली काय दिसायला पाहिजे? जर कोयंडा मूळचाच असेल तर त्याच्या खालचा रंग ताजा राहतो, कडेला कोयंड्याच्या आकाराची रेघ असते आणि ती रेघ कोयंड्याशी तंतोतंत जुळते. इथे रेघ होती पण आकार दुसराच, जुना कोयंडा खाली गोल होता, आत्ताचा चौकोनी, आणि एक जुनं रिव्हेटचं भोक मेणासारख्या कशाने तरी बुजवलेलं. म्हणजे कोयंडा नंतरचा. फिलिप्सचा पुरावा पेटीच्या बाबतीत बाद, फक्त दुरुस्तीच्या बाबतीत लागू.

रनिंग बोर्डचं काय? तळाला दोन भोकं होती, विकणारा म्हणत होता हीच ती रनिंग बोर्डला बोल्ट मारायची भोकं. कारखान्यात भोक पाडतात ते रंगाच्या आधी, त्यामुळे रंग भोकाच्या कडेवरून आत उतरलेला असतो. ह्या भोकांच्या कडेला रंगाचे कपचे उडालेले, आतल्या अंगाला ड्रिलने निघते तशी पत्र्याची करकरीत खडबडीत कड, कानस पण मारलेली नाही, आणि भोकाच्या भिंतीवर रंगाचा ठिपका नाही, सरळ गंज. म्हणजे रंगवलेल्या पेटीला कोणीतरी नंतर भोकं पाडली. लबाडीसाठीच पाडली असं मी म्हणणार नाही, कोणी ट्रकच्या मागे बसवली असेल, कोणी भिंतीला ठोकली असेल, वापरातल्या पेटीचं आयुष्य असंच असतं, पण "रनिंग बोर्डची ओरिजिनल" हा शब्द त्या भोकांच्या जोरावर लावता येत नाही.

निकाल लागला तो झाकणाच्या आत. आतल्या बाजूला एक लेबल होतं, म्हणजे लेबलाचं भूत म्हणा, तपकिरी पडलेलं, अर्धं उडालेलं, विकणाऱ्याच्या फोटोत ते डागासारखं दिसत होतं आणि त्यालाही तो डागच वाटला असावा. टॉर्च बाजूने तिरपा धरला आणि भिंग लावलं तर खालची ओळ वाचता आली. कंपनीचं नाव पार गेलेलं, पण शिकागो, मग दोन आकडी नंबर, मग इलिनॉयचं संक्षिप्त रूप, एवढं स्पष्ट.

तो शहर आणि राज्य ह्यांच्या मधला दोन आकडी नंबर म्हणजे सोनं आहे. अमेरिकेत मोठ्या शहरांना टपालाचे झोन नंबर १९४३ साली दिले, लढाईत अनुभवी टपालवाले निघून गेले, नवख्यांना पत्रं वाटता यायला पाहिजेत म्हणून. आणि १ जुलै १९६३ पासून पाच आकडी झिप कोड आला. म्हणजे पत्त्यात काहीच नंबर नसेल तर बहुतेक १९४३ च्या आधीचं, अर्थात लहान गावांना झोन नव्हतेच, तेव्हा गाव कुठलं ते बघून, दोन आकडी झोन असेल तर १९४३ ते १९६३, पाच आकडी असेल तर त्यानंतरचं. ह्यात खालची सीमा पक्की आणि वरची ढिली असते हे लक्षात ठेवा, कारण १९४३ च्या आधी कोणी तो नंबर छापणं शक्यच नाही, पण १९६३ नंतर जुनी छापलेली लेबलं संपेपर्यंत कोणीही चिकटवू शकतो.

पोराने बरोबर प्रश्न विचारला, "दादा, लेबल तर नंतरही चिकटवता येतं ना, कोयंड्यासारखं?" म्हणून लेबलाची उडालेली कड बघितली. लेबलाखाली रंगाचा एकच थर, बाहेर झाकणावर आहे तोच, लेबलाखाली तो कोरा चकचकीत आणि आजूबाजूला हवेने, तेलाने मंद झालेला. लेबल जुन्या मळक्या रंगावर बसवलं असतं तर खाली मळ अडकला असता, ओरखडे असते, तसं एकही नाही. म्हणजे रंग ताजा असतानाच लेबल लागलं. पेटी १९४३ किंवा त्यानंतरची. मॉडेल टी बंद होऊन तोवर किमान सोळा वर्षं झालेली.

खरं तर इथे विकणाऱ्याच्या दाव्याचा विषय संपला होता. पण पोराला मी म्हटलं आता हत्यारं बघू, कारण पेटी ओरिजिनल नाही म्हणजे माल भंगार असं नसतं.

पेटीच्या तळाला ग्रीस, धूळ, गंज ह्यांचा घट्ट थर होता आणि त्या थरात हत्यारांचे ठसे. हे म्हणजे धुळीने भरलेल्या फडताळातून भांडं उचलल्यावर खाली स्वच्छ गोल राहतो ना तसं. म्हणूनच पुसू नको म्हटलं होतं. एकेक हत्यार परत ठशात ठेवून बघितलं. पक्कड तिच्या ठशात चपखल बसली, जबडा उघडा ठेवून कोणीतरी वर्षानुवर्षं टाकलेली, ठसाही तसाच उघड्या जबड्याचा. एक फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, तोही बसला, आणि एक दोन तोंडी पाना ज्याच्याबद्दल पुढे सांगतो. टी-१९१७ ला मात्र पूर्ण तळात कुठेही जागा नाही, आणि त्याच्या अंगावर तारेच्या ब्रशचे बारीक समांतर ओरखडे, खाचेत जुना गंज पण वरच्या भागावर ताजं तेल. बाकी हत्यारांवरचं ग्रीस काळं चिकट वाळलेलं आणि हा एकटा आंघोळ करून आलेला. कोणी आणि कधी टाकला त्यात मी पडत नाही.

तो दोन तोंडी पाना ठशात बसणारा, त्याच्यावर अमेरिकन पेटंट नंबर होता, १८ लाख ५० हजारांच्या पुढचा. अमेरिकन पेटंट नंबर सरळ चढत जातात त्यामुळे दोन-तीन खुंट्या पाठ असल्या की झालं. दहा लाखावं पेटंट ऑगस्ट १९११ मध्ये, योगायोग म्हणजे ते गाडीच्या टायरचंच होतं, वीस लाखावं एप्रिल १९३५ मध्ये, तीस लाखावं सप्टेंबर १९६१ मध्ये. आणि १९३२ सालचा पहिला नंबर १८,३९,१९०, १९३३ चा पहिला १८,९२,६६३, म्हणजे आपलं पेटंट १९३२ सालात मिळालेलं. आता परत तोच सापळा, पाना १९३२ चा नाही, १९३२ च्या आधीचा नाही एवढंच. पेटंट तेव्हा मंजुरीपासून सतरा वर्षं चालायचं आणि साचा बदलायचा कंटाळा म्हणून त्यानंतरही नंबर तसाच ठोकला जायचा.

आणखी एक बारकी खूण ह्याच्यातच सांगून टाकतो, फार उपयोगी आहे. जुन्या अमेरिकन हत्यारांवर पेटंटची नुसती तारीख असते, महिना दिवस साल. १९२७ मध्ये कायदा बदलला आणि नवीन पेटंटला नंबर छापणं भाग झालं. तेव्हा तारीख दिसली तर बहुतेक पेटंट त्याच्या आधीचं, नंबर दिसला तर बहुतेक नंतरचं, आणि "पेटंट पेंडिंग" दिसलं तर अर्ज आणि मंजुरीच्या मधला तुकडा, जो सापडला तर सगळ्यात नेमकी तारीख देतो. ब्रिटिश नंबर मात्र ह्या पद्धतीने वाचू नका, तिकडे १९१६ पासून १,००,००१ ने सलग मोजणी सुरू झाली, त्याच्या आधी दर वर्षी एकपासून सुरुवात आणि शेजारी साल.

ब्रिटिशवरून आठवलं, पेटीत एक पाना असा होता की अमेरिकन गाडीशी त्याचा काही संबंधच नाही. तोंडाशी पाव, मग डब्ल्यू, शेजारी पाच सोळांश बीएस. पोराने व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, लावला आणि म्हणाला "दादा ह्याच्यावर पाव इंच लिहिलंय आणि तोंड अर्ध्या इंचापेक्षा मोठं आहे, खराब माल." नाही रे बाबा, डब्ल्यू म्हणजे व्हिटवर्थ, जुनी ब्रिटिश आट्यांची पद्धत, आणि व्हिटवर्थ पान्यावर लिहिलेला आकडा बोल्टच्या दांड्याचा असतो, तोंडाचा नाही. पाव व्हिटवर्थचं तोंड येतं साधारण ०.५२५ इंच. अमेरिकन अर्धा इंचाचा नट त्यात खुळखुळतो आणि नऊ सोळांश म्हणजे ०.५६२५ चा शिरत नाही. शेजारचं बीएस म्हणजे ब्रिटिश स्टँडर्ड फाइन, बारीक आट्यांचा बोल्ट, त्याचं डोकं एक साइज लहान असायचं म्हणून तोंड एकच. जोसेफ व्हिटवर्थने ही आट्यांची पद्धत १८४१ मध्ये मांडली आणि ब्रिटिश कारखाने तिच्यावर शंभर वर्षं चालले, १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा ह्यांनी एकच युनिफाइड आटे ठरवले तेव्हा कुठे ब्रिटिश गाड्या हळूहळू बाहेर पडल्या, मोटारसायकली तर अजून बरीच वर्षं अडून बसल्या. डब्ल्यू आणि बीएस वरून देश नक्की कळतो, साल नाही. ठसा? नव्हता. हाही पाहुणा.

आणि एक छोटी ग्रीस गन. तिचं टोक गोल निपलवर दाबून बसवायचं, ज्याला झर्क फिटिंग म्हणतात, ती पद्धत १९२० च्या दशकाच्या शेवटी पसरली. मॉडेल टी ला ग्रीस कप आणि तेलाची भोकं, हाताने टोपण पिळायचं, तिथे ही गन लावणार कुठे? ठसा मात्र होता, पक्कडीच्या शेजारीच. म्हणजे ही पेटीची जुनी रहिवासी.

चित्र असं झालं. पेटी शिकागोच्या कुठल्यातरी कंपनीची, सर्वसाधारण कामाची, कुठल्याच एका गाडीची नाही, १९४३ ते १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतची. आत पक्कड, फिलिप्स ड्रायव्हर, पेटंटवाला पाना आणि ग्रीस गन हा एका काम करणाऱ्या माणसाचा खरा संच, बहुतेक लढाईनंतरच्या अमेरिकन गाडी किंवा ट्रकसाठी. कोयंडा बदललेला, भोकं नंतरची. टी-१९१७ आणि व्हिटवर्थ नंतर आलेले.

मी पोराला म्हटलं, हे सगळं विकणाऱ्याला फोटोंसकट लिही, भांडू नको, फसवलंस असं म्हणू नको. त्या माणसाने आधी थोडा आवाज चढवला, "आमच्या घरात हे असंच होतं," मग लेबलाचा फोटो बघून गप्प झाला आणि किंमत उतरवली. पोरगा परत करणार होता, मीच म्हटलं ठेव. एकटा अस्सल टी पाना आणि ठशांसकट न घासलेली एक कामाची पेटी, दोन्ही वेगवेगळे चांगले आहेत, फक्त एकमेकांचे नाहीत. खरं सांगायचं तर मला स्वतःला ती पेटी पान्यापेक्षा जास्त आवडली, असे पाने चाळीस पेट्या उघडल्या की एखाद्यात सापडतातच, पण त्या काळातल्या मेकॅनिकच्या पेटीचा तळ जसाच्या तसा कोणी ठेवत नाही.

आता त्याने दोन कार्डं केलीत. पेटीच्या कार्डावर "१९४३ नंतर, आधार टपाल झोन लेबल, मूळ रंगावर", खाली कोयंडा आणि भोकं "नंतरची", आणि ठसे जुळलेल्या चार हत्यारांची नावं. पान्याच्या कार्डावर "मॉडेल टी, प्लग आणि हेड बोल्ट, १९१७ हा पार्ट नंबर". हा शेवटचा शेरा मी लाल शाईने लिहायला लावला, कारण उद्या त्याच्याकडून कोणी घेतला की परत कोणीतरी तो आकडा साल म्हणून वाचणार. व्हिटवर्थचा पाना एका जुन्या ब्रिटिश मोटारसायकलवाल्याला दिला, त्याच्या किटमध्ये नेमकी तीच साइज कमी होती. आणि पेटीचा तळ अजून पुसलेला नाही, वर पातळ पारदर्शक शीट टाकून ठेवलंय.